आधी बर्फ, मग स्की

निवांत जागा बघून बसा. फोनवर स्कीच्या जोड्या, त्यांच्या किमती, लोकांचे अभिप्राय असं काही उघडं असेल तर ते बंद करा. पाठ ताठ, खांदे सैल. श्वास येतो-जातो तसा येऊ-जाऊ द्या.

पौष-माघाचे दिवस आहेत असं धरू. यवतमाळ जिल्ह्यात कापसाच्या शेवटच्या वेचण्या चालू आहेत, तूर कापणीला आली आहे, हरभरा घाटे धरतोय. आणि तुमचं गुलमर्गला जायचं ठरलं आहे. तिथे पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था १९६८ पासून आहे. २०२० पासून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा तिथे भरतात आणि महाराष्ट्राचे खेळाडूही त्यांत उतरतात. आपल्याकडून कुणी स्की शिकायला जाणं आता नवलाचं राहिलेलं नाही. तरी मनात एक गाठ आहे. बर्फ रोज बदलतो म्हणतात; मग स्की कोणती घ्यायची, आणि ती पायाला धरून ठेवणारं बाइंडिंग कोणतं?

दुकानात जोडी मिळते. कोणती जोडी, हे मात्र घरी बसूनच ठरवायचं असतं. ते ठरवताना एक क्रम पाळू या: आधी बर्फ, मग आपण, मग औजार. बहुतेकांचा क्रम उलटा असतो. औजार आवडतं, मग आपण त्याला शोभतो असं वाटू लागतं, आणि बर्फाचा विचार तिथे पोचल्यावर होतो.

बर्फाकडे जाण्याआधी आपली जमीन आठवा. डोंगरउताराचं मुरमाड रान आणि वर्धा-पैनगंगेच्या काठचं भारी काळं रान एकाच औजाराने, एकाच दिवशी करता येत नाही, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. काळ्या रानात पाऊस उघडल्यावर वाफसा येईपर्यंत थांबावं लागतं. न थांबता वखर घातला तर ओली माती पासेला चिकटते आणि मागे ढेकळं उरतात. कपाशीच्या दोन ओळींमधून डवरा फिरतो, तिथे वखराची रुंद पास चालत नाही. माती तीच, पण काल, आज आणि चार दिवसांनी ती तीन तऱ्हांनी वागते. म्हणून शेतकरी सकाळी रानात जातो, मूठभर माती दाबून बघतो आणि मग काय जुंपायचं ते ठरवतो. ही नजर तुमच्याकडे आधीपासून आहे. ती आता बर्फाकडे वळवू या.

डोळे मिटा आणि पडणारा बर्फ बघा.

काश्मीरचा हिवाळी बर्फ पश्चिमी झंझावात घेऊन येतात. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेली ही हवा हिमालयावर चढते, थंड होते आणि तिच्यातला ओलावा बर्फ होऊन उतरतो. तुम्हाला ही हवा अगदीच अनोळखी नाही. तिचा जोर असला की विदर्भावरही ढग दाटतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात गहू-हरभरा झोडपणारी गारपीट झाली, तिच्यामागेही या झंझावातांचा हात होता. इकडे पीक आडवं करणारी हवा तिकडे उतार भरते.

थंड, वारा नसलेल्या रात्री पडलेला बर्फ हलका असतो. एका घनमीटरमध्ये त्याचं वजन साधारण ५० ते १०० किलो भरतं; तेवढंच पाणी १००० किलोचं असतं. म्हणजे त्या ढिगात बहुतांश हवाच आहे. त्यावर बुटाने पाय ठेवला तर तो गुडघ्यापर्यंत जातो. याला तिकडे सगळे पावडर म्हणतात.

आता वारा सुटू द्या. गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगरावर, गोंडोला म्हणजे रोपवे जिथे नेऊन सोडतो त्या सुमारे ३९५० मीटरच्या उंचीवर, वारा हे कण उचलतो, आपटतो, मोडतो आणि दाबून बसवतो. हलका बर्फ घट्ट होतो. मग ऊन येऊ द्या. वरचा थर वितळतो, रात्री गोठतो आणि खाली भुसभुशीत असलेल्या बर्फावर एक कडक पापुद्रा धरतो. पाय कधी त्यावर टिकतो, कधी अचानक फुटून आत जातो. स्की करणाऱ्यांना सगळ्यात अवघड जाणारा बर्फ हाच. जिथे माणसं आणि यंत्रं रोज फिरतात तिथला बर्फ दाबून सपाट झालेला असतो, आणि थंडीच्या सकाळी तो कठीण, जागोजाग काचेसारखा गुळगुळीत लागतो. मार्च लागला की त्याचे मोठे दाणे होतात. सकाळी घट्ट, दहा-अकराला मऊ आणि छान, दुपारनंतर ओला आणि जड. उत्तरेकडच्या उतारावर थंडी टिकते, दक्षिणेकडच्यावर ऊन आपलं काम करतं. एका डोंगरावर एकाच दिवशी यांतले तीन-चार प्रकार भेटू शकतात.

इथे थोडं थांबा. घाई करू नका. स्वतःला विचारा: यांतला कोणता बर्फ माझ्या वाट्याला सगळ्यात जास्त येणार आहे?

मन लगेच पावडरकडे धावेल, कारण चित्रफितींत तीच दिसते. त्याला धावू द्या आणि हळूच परत आणा. तुम्ही नवखे असाल तर तुमचे दिवस गोंडोलाच्या वरच्या टप्प्यावर जाणार नाहीत. ते गुलमर्गच्या २६५० मीटरवरच्या मैदानाजवळच्या सौम्य उतारांवर, दाबलेल्या बर्फावर जाणार आहेत. तुम्ही दोन-तीन हंगाम केलेले असतील तर गोंडोलाच्या मधल्या थांब्याच्या, म्हणजे कोंगडोरीच्या आसपास, दाबलेल्या वाटेवर आणि तिच्या कडेच्या सैल बर्फात, दोन्हीकडे जाणार. फारच तयारीचे असाल तर माथ्यावरून, पायवाट नसलेल्या उतारांवर. तिथे मार्गदर्शक आणि हिमस्खलनाची माहिती आधी लागते, औजार नंतर. स्की कितीही रुंद असली तरी सुटलेल्या हिमकड्यापासून ती वाचवत नाही, हे मनात पक्कं बसू द्या.

बर्फाचं नाव मनाशी घेतलंत? आता दुसरा विचार: आपण.

वजन किती, उंची किती, वय किती. गुडघ्याची जुनी दुखापत आहे का. वळताना दोन्ही पाय समांतर राहतात की अजून पुढची टोकं जवळ आणून, मागच्या शेपट्या फाकवून वेग आवरावा लागतो. भीती कधी वाटते: उतार तीव्र झाल्यावर, की वेग वाढल्यावर, की शेजारून कुणी भरकन गेल्यावर. या प्रश्नांची उत्तरं दुसऱ्या कुणाला सांगायची नाहीत, म्हणून ती खरी देता येतील. जे उत्तर येईल त्याला चांगलं-वाईट म्हणू नका. ते फक्त माप आहे.

आता औजार.

पहिलं माप रुंदीचं. स्की पुढे रुंद, मधे अरुंद आणि मागे पुन्हा थोडी रुंद असते. बुटाखालची सगळ्यात अरुंद जागा मिलिमीटरमध्ये मोजतात आणि तिला कंबर म्हणतात. रुंदीने काय होतं ते बघा. सत्तर किलोचा माणूस नुसत्या बुटांवर उभा राहिला तर त्याचं वजन साधारण ६०० चौरस सेंटिमीटरवर पडतं. मध्यम लांबीच्या स्कीवर तेच वजन साधारण ३५०० चौरस सेंटिमीटरवर पसरतं. दाब सहापटीच्या आसपास कमी होतो आणि सैल बर्फ माणसाला तोलून धरू लागतो. स्की जितकी रुंद, तितकी ती वर राहते.

मग सगळ्यात रुंद का घेऊ नये? कठीण बर्फावर स्की आडवी करून तिच्या पोलादी कडेवर उभं राहावं लागतं. तळ रुंद असला की ती कड पायाच्या मध्यापासून लांब जाते. एका कडेवरून दुसरीवर जायला वेळ जास्त लागतो आणि प्रत्येक वळणाला घोटा-गुडघ्यावर पीळ पडतो. म्हणून दाबलेल्या बर्फासाठी कंबर ८० मिलिमीटरच्या आत बरी. वाटेवर आणि वाटेबाहेर दोन्हीकडे फिरायचं असेल तर ८५ ते १०० च्या दरम्यान. शंभराच्या वर गेलात तर ती स्की खोल, सैल बर्फासाठी आहे. कठीण सकाळी ती तुम्हाला दमवणार.

हे आकडे पाठ करायची गरज नाही. त्यांच्यामागचा व्यवहार तेवढा लक्षात राहू द्या. मऊ बर्फात तरंगणं आणि कडक बर्फात रुतून धरणं, या दोन गोष्टी एकमेकींच्या जिवावर मिळतात.

पुढचं काम हाताने करायचं आहे. ते मनातल्या मनात करा, म्हणजे स्की भाड्याने देणाऱ्या दुकानात गेल्यावर हात आपोआप चालतील. मांडणीवरून एक जोडी उचला. दोन्ही स्की तळाला तळ लावून उभ्या धरा. मधे फट दिसते. ती कमान आहे. तुम्ही उभे राहिलात की कमान दबते आणि स्कीची पुढची-मागची टोकं बर्फाला घट्ट टेकतात. कठीण बर्फावर पकड येते ती त्यातून. आता दोन्ही हातांनी मधे दाबा आणि फट मिटवा. पुढच्या बाजूला टोकाच्या बऱ्याच आधीपासून दोन्ही तळ एकमेकांपासून दूर जात असतील तर त्या स्कीला पुढे उचल दिलेली आहे. ती सैल बर्फात नाक वर ठेवते आणि वळण सोपं करते, पण कठीण बर्फावर तिची तेवढी लांबी हवेत राहते. म्हणून अशी स्की थोडी लांब घेतली तरी चालते. पुढे थोडी उचल आणि बुटाखाली कमान, ही बदलत्या बर्फासाठी पुष्कळांना मानवणारी मांडणी आहे.

अजून हात काढू नका. अंगठ्याचं नख पोलादी कडेवर आडवं ओढा. कडेने नखाचा बारीक पांढरा भुगा निघाला तर धार आहे. काहीच निघालं नाही तर ती कड कठीण बर्फावर घसरेल, मग जोडी कितीही नवी दिसो. तळावरून तळहात फिरवा. पांढुरका, कोरडा लागला तर मेण संपलं आहे. खोल ओरखडे पडून आतला थर दिसत असेल तर ती जोडी परत ठेवा आणि दुसरी मागा. मागायला संकोच करू नका.

लांबीचा विचार थोडक्यात उरकू. नवख्याला हनुवटीच्या आसपासची, सरावलेल्याला नाक-कपाळापर्यंतची. वजन जास्त किंवा वेग जास्त असेल तर थोडी लांब. स्की मऊ की ताठ, हेही वजन आणि वेगावरच ठरतं. हलक्या माणसाने ताठ स्की घेतली तर ती वाकतच नाही, आणि न वाकलेली स्की वळत नाही.

आता श्वास पुन्हा सावकाश होऊ द्या. आपण बाइंडिंगपाशी आलो आहोत, आणि इथे जास्त वेळ द्यायचा आहे, कारण स्की चुकली तर दिवस वाया जातो. बाइंडिंग चुकलं तर पाय मोडतो.

पूर्वी बूट स्कीला पक्का बांधलेला असे. माणूस पडला की लांब स्की पायाला पिळून काढी आणि नडगीचं हाड मोडे. नॉर्वेत जन्मलेला आणि अमेरिकेतल्या पोर्टलंडला स्थायिक झालेला ह्यालमार व्हाम हा नामांकित स्कीपटू १९३७ मध्ये माउंट हूडवर पडला आणि त्याचा पाय मोडला. इस्पितळात पडल्या-पडल्या त्याला वेळेवर सुटणाऱ्या बाइंडिंगची कल्पना सुचली आणि १९३९ मध्ये त्याने तिचं पेटंट घेतलं. आज आपण पायाखाली जे घेतो त्याच्यामागे एका मोडलेल्या पायाचा विचार आहे.

ते काम कसं करतं ते बघा. बाइंडिंगचे दोन भाग: पुढचा पंजाला धरतो, मागचा टाचेला. पाय पिळला जाऊ लागला की पुढचा भाग बाजूला उघडतो. माणूस पुढे फेकला गेला की मागचा भाग वर उघडतो. बारीक धक्क्याला मात्र ते उघडत नाही. थोडं सरकतं आणि स्प्रिंग बुटाला परत मध्यावर आणते. खडबडीत, गोठलेल्या बर्फावर हे सरकून परत येणं फार मोलाचं. ते नसेल तर गरज नसताना स्की सुटते, आणि तीव्र उतारावर भलत्या वेळी सुटलेली स्की हाही अपघातच. स्की सुटली की दोन्ही बाजूंचे ब्रेक खाली येतात आणि ती एकटी उतारावरून सुसाट जात नाही. ब्रेक स्कीच्या कंबरेपेक्षा जेमतेम रुंद हवा. अरुंद असला तर बसत नाही, फार रुंद असला तर वळताना बर्फात अडकतो.

बूट आणि बाइंडिंग एकमेकांचे हवेत. उतारावरच्या साध्या बुटाचा तळ सपाट असतो. चालायला सोपा, वळणदार रबरी तळ असलेला बूट वेगळा, आणि चढून जाण्यासाठी पंजाला दोन्ही बाजूंनी खोबण्या असलेला बूट आणखी वेगळा. तिन्ही दिसायला सारखे वाटतात, पण एका प्रकारचा बूट दुसऱ्या प्रकारच्या बाइंडिंगमध्ये बसला म्हणजे तो वेळेवर सुटेलच असं नाही. चढाईचं हलकं, खिळ्यांचं बाइंडिंग घेणार असाल तर त्याच्या पुढच्या भागाला चढताना लावायची कडी असते आणि उतरताना ती उघडावी लागते, हे कळेपर्यंत ते घेऊ नका. पैसे एकाच गोष्टीवर खर्चायचे असतील तर ते आधी पायाला नीट बसणाऱ्या बुटावर खर्चा. स्की आणि बाइंडिंग भाड्याने मिळतात आणि बर्फ बदलला की बदलता येतात. पाय तोच राहतो.

आता या मननातल्या सगळ्यात महत्त्वाच्या जागी आपण आलो.

बाइंडिंग किती जोर लागल्यावर सुटावं, हे एका आकड्यावर ठरतं. त्याला डिन म्हणतात. आंतरराष्ट्रीय मानकाचा तक्ता हा आकडा देतो, आणि त्यासाठी तुम्हाला पाच गोष्टी विचारतो: वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही स्की कशी चालवता ते. बुटाची लांबी टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. तळ लांब असेल तर पीळ मोठा होतो, म्हणून आकडा खाली येतो. वय ५० किंवा त्याहून जास्त असेल तर तक्ता तुम्हाला एक पायरी खाली घेतो, म्हणजे बाइंडिंग लवकर सुटेल. आणि शेवटच्या प्रश्नाला तीन उत्तरं असतात: सावकाश आणि सांभाळून चालवणारा, मधला, आणि वेगाने तीव्र उतारावर जाणारा.

पहिल्या चार गोष्टी मोजता-तपासता येतात. पाचवी फक्त तुम्हीच सांगू शकता.

इथे मनात काय हलतं ते बघा. रांगेत मागे कुणी उभं आहे. शेजारच्याने मोठ्याने "वेगाने" म्हटलं आहे. वजन विचारलं की चार किलो कमी सांगावंसं वाटतं, वय विचारलं की वर्षं गळतात, आणि चालवण्याची रीत विचारली की मान ताठ होते. हे सगळ्यांना होतं. ते दिसलं की पुरे. त्याच्याशी भांडू नका. मग खरं उत्तर द्या. पहिल्या प्रकारचा माणूस स्वतःला तिसऱ्या प्रकारात घालतो तेव्हा तो त्या स्प्रिंगला सांगत असतो की माझा पाय मोडेपर्यंत सोडू नकोस. स्प्रिंग ते ऐकते. तिला तुमचा अभिमान कळत नाही, तिला आकडा कळतो. उलट, भीतीपोटी स्वतःला फार कमी लेखलंत तर कडक उतारावर, जिथे स्की पायात राहायला हवी तिथेच ती सुटून जाईल. खरं बोलणं म्हणजे कमी बोलणं असंही नव्हे; जेवढं आहे तेवढं.

आकडा लावून घ्या आणि तो जाणकाराकडूनच लावून घ्या. मग उतारावर निघताना रोज एक छोटी गोष्ट करा. बूट बाइंडिंगमध्ये घालण्याआधी तळाखाली चिकटलेला बर्फ काठीने खरवडून काढा. तळाखाली दाबून बसलेला बर्फ बूट वर उचलतो, आणि नीट लावलेला आकडाही मग खरा राहत नाही. घाईच्या सकाळी हीच गोष्ट सुटते. ती सोडू नका.

आता सगळं पुन्हा एकत्र बघा. बर्फ बदलता आहे. तुमचा अनुभव आज आहे तेवढा आहे. स्की रुंद घेतली तर कठीण सकाळ अवघड जाणार, अरुंद घेतली तर पावडरचा दिवस हातचा जाणार. बाइंडिंग दणकट घेतलं तर वजन वाढणार, हलकं घेतलं तर काही धक्के ते सहन करणार नाही. सगळ्या दिवसांना पुरणारी जोडी कुणीच बनवलेली नाही. तिचा शोध थांबवला की मन मोकळं होतं, कारण मग प्रश्न बदलतो. कोणती जोडी सगळं करील, हा प्रश्न उरत नाही. कोणतं काम या खेपेला सोडून द्यायला मी तयार आहे, एवढाच उरतो.

नवखे असाल तर पावडर सोडा. दाबलेल्या बर्फाची, ८० च्या आतल्या कंबरेची, बुटाखाली कमान असलेली, लांबीला बेताची जोडी घ्या आणि साधं, नीट मापलेलं बाइंडिंग. मधल्या टप्प्यावर असाल तर दोन्ही टोकं थोडी-थोडी सोडा: ९० च्या आसपासची कंबर, पुढे थोडी उचल. ती ना पावडरमध्ये सगळ्यात छान तरंगेल, ना काचेच्या बर्फावर सगळ्यात घट्ट धरील, पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत जे समोर येईल त्यातून तुम्हाला नेईल. ज्या दिवशी कंबरभर ताजा बर्फ पडेल, त्या दिवसापुरती रुंद जोडी भाड्याने घ्या आणि संध्याकाळी परत द्या.

डोळे उघडा. एक कागद घ्या आणि त्यावर तीन ओळी लिहा. पहिलीत, माझे बहुतेक दिवस कोणत्या बर्फावर जाणार. दुसरीत, माझं वजन, उंची, वय आणि मी आज कसं चालवतो, जसं आहे तसं. तिसरीत, या खेपेला मी काय सोडून देतो आहे.

तिसरी ओळ लिहायला वेळ लागेल. लागू द्या. ती लिहून झाली की हा कागद खिशात ठेवा आणि गुलमर्गला पोचल्यावर स्की देणाऱ्याच्या हातात द्या. तो मांडणीकडे वळून जोडी काढील, आणि ती तुमच्या पायाला आणि त्या दिवसाच्या बर्फाला जुळणारी असेल.